पाठवलेला निरोप कुठे थांबतो?

जुलै २०१८च्या दुसऱ्या आठवड्यात नालासोपारा स्थानकातले रूळ पाण्याखाली गेले आणि विरारची लोकल थांबली. आमच्या इमारतीच्या तळमजल्यात गुडघाभर पाणी होते, वीज नव्हती, आणि आम्ही बायका जिन्याच्या पायऱ्यांवर बसून एकमेकींना एकच प्रश्न विचारत होतो. पाऊस केव्हाचा कमी झालाय, मग पाणी जात का नाही? वसईत जन्मलेल्या माणसाला याचे अर्धे उत्तर ठाऊक असते. पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर, पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा. डोंगरावरचे पाणी उतरायचे ते खाडीकडेच, पण भरती असेल तर खाडी ते घेत नाही. घेणारा तयार नसेल तर देणाऱ्याने थांबायचे. मधल्या वेळात ते पाणी कुठे राहणार, हा उरलेला अर्धा प्रश्न.

मी तेव्हा नुकतीच निवृत्त झाले होते. मुंबईच्या एका महाविद्यालयात मी बरीच वर्षे संगणकशास्त्र शिकवले. हाताशी वेळ होता, डोक्यात पाणी होते. वसई-विरारच्या नकाशावर पाऊस पाडून पाणी कुठून कुठे जाते हे दाखवणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहायला घेतला. कोणाला सादर करायचा नव्हता, स्वतःचे समाधान एवढाच हेतू. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने त्याच्या कामाच्या ठिकाणचे सोळा गाभ्यांचे यंत्र मला रात्रीपुरते वापरायला मिळवून दिले. या लेखाचा विषय मात्र पूर नाही. त्या प्रोग्रॅमने मला एक असा दोष दाखवला, जो मी कित्येक वर्षे खडूने फळ्यावर लिहून मुलांना शिकवत आले होते. विषय तो आहे.

आधी मांडणी सांगते. वीस किलोमीटर लांब आणि तितकाच रुंद प्रदेश घेतला, त्याचे बुद्धिबळाच्या पटासारखे चार गुणिले चार असे सोळा तुकडे केले, आणि प्रत्येक तुकडा एका प्रक्रियेकडे दिला. प्रक्रिया म्हणजे स्वतंत्रपणे चालणारा प्रोग्रॅम. तिची स्मृती तिची एकटीची, शेजारणीच्या स्मृतीत तिला डोकावता येत नाही. नालासोपाऱ्याच्या तुकड्याला शेजारच्या तुकड्यातून किती पाणी येते आहे हे कळायचे, तर शेजारणीने तिच्या काठावरच्या चौकोनांचे आकडे निरोप म्हणून पाठवले पाहिजेत. प्रत्येक पावलाला, म्हणजे पुराच्या घड्याळातल्या प्रत्येक लहानशा कालखंडाला, प्रत्येक प्रक्रिया आपल्या शेजारणींना काठाचे आकडे पाठवते, त्यांचे घेते, आपला हिशेब करते आणि पुढच्या पावलावर जाते.

ही कल्पना संगणकाहून जुनी आहे. लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज गणितज्ञाने १९२२ साली हवामानाच्या आकडेमोडीवर एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात त्याने एका प्रचंड गोल सभागृहाचे स्वप्न रंगवले आहे. भिंतींवर पृथ्वीचा नकाशा आणि त्यावर आपापल्या तुकड्याचे गणित करत बसलेली ६४,००० माणसे. शेजाऱ्यांना आकडे कळावेत म्हणून प्रत्येकाने आपली ताजी संख्या दिव्याच्या पाटीवर लावायची, शेजारी सवडीने वाचतील. ही पाटी मला फार आवडते. लिहिणारा लिहून मोकळा होतो, वाचणाऱ्याची वाट बघत बसत नाही. रिचर्डसनने एक गोष्ट मात्र सांगितलेली नाही. शेजाऱ्याने आधीची संख्या वाचलीच नसेल आणि इकडे नवी तयार झाली असेल, तर पाटीचे काय करायचे?

आपल्याकडे हा प्रश्न पुण्यात प्रत्यक्ष यंत्रापर्यंत आला. १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१मध्ये ‘परम ८०००’ हा समांतर महासंगणक उभा केला. त्यात इन्मॉस या ब्रिटिश कंपनीच्या ट्रान्सप्युटर जातीच्या चिप होत्या. प्रत्येक चिपला चार दुवे, प्रत्येक दुव्याच्या पलीकडे एक शेजारी. ट्रान्सप्युटरमागचा विचार टोनी होअर यांच्या १९७८च्या एका निबंधातून आलेला होता, आणि तो कडक होता. दोन प्रक्रियांमधल्या वाटेत साठवण अजिबात नाही. देणारा हात पुढे करून उभा राहील, घेणारा येईल, वस्तू या हातातून त्या हातात जाईल, आणि मगच दोघे आपापल्या वाटेने जातील. दादरच्या पुलाखाली उभे राहून कोणाला डबा हातोहात द्यायचा असतो तसे. तो आला नाही तर तुमची पुढची गाडी गेली. त्रास आहे खरा, पण डबा पोचला की नाही ही शंका उरत नाही.

पुढे वेगवेगळ्या यंत्रांवर एकच प्रोग्रॅम चालावा म्हणून निरोपांचे एक सामाईक प्रमाण ठरले. एमपीआय हे त्याचे नाव, पहिली आवृत्ती १९९४ची. समांतर संगणन शिकणारा विद्यार्थी आजही सुरुवात बहुधा तिथूनच करतो. या प्रमाणात निरोप पाठवायच्या चार रीती आहेत. पहिली समकालिक, तिचे नाव एस-सेंड. समोरच्याने निरोप घ्यायला सुरुवात केली, तरच तुमची सुटका. ही आपली हातोहातची रीत. दुसरी बफरची, बी-सेंड. निरोपाची प्रत तुमच्याच घरातल्या एका राखीव फडताळात ठेवली जाते आणि तुम्ही लगेच मोकळे होता, समोरचा केव्हा का घेईना. तिसरी, समोरचा आधीच हात पसरून उभा आहे अशी खात्री असेल तेव्हाच वापरायची. तिच्याबद्दल इथे बोलण्यासारखे फारसे नाही. चौथी साधी, नुसते सेंड. ती गंमतीची आहे, कारण तिच्यात काय होईल हे प्रमाणाने मुद्दामच सांगितलेले नाही. निरोप कुठे तरी साठवून तुम्हाला सोडायचे, की समोरचा येईपर्यंत थांबवायचे, हे त्या त्या यंत्रावरच्या एमपीआयने आपल्या सोयीने ठरवावे. बहुतेक ठिकाणी असे ठरते, की निरोप लहान असेल तर लगेच पुढे ढकलून समोरच्याच्या दारात ठेवायचा, आणि मोठा असेल तर आधी ‘घेतोस का?’ असे विचारून होकाराची वाट बघायची. लहान आणि मोठा यांच्यामधली रेघ यंत्रागणिक बदलते.

आता माझा फळा. वर्गात शेजारणींची देवघेव समजावताना मी दोन ओळी लिहीत असे. पहिली, सगळ्यांनी शेजारणींना पाठवा. दुसरी, सगळ्यांनी शेजारणींकडून घ्या. वाचायला सरळ, समजायला सोपे. मुले प्रयोगशाळेत ते चालवून बघत, आणि ते चाले. प्रत्येक वर्षी चाले. कारण वर्गातल्या उदाहरणात निरोप म्हणजे एकच पूर्णांक असे, चार बाइटचा.

पुराच्या प्रोग्रॅममध्ये मी त्याच दोन ओळी लिहिल्या. आधी पन्नास मीटरचे चौकोन घेतले होते. पाच किलोमीटरच्या काठावर शंभर चौकोन, प्रत्येकाचे तीन आकडे (पाण्याची खोली आणि दोन दिशांचा वेग), प्रत्येक आकडा आठ बाइटचा. म्हणजे २,४०० बाइटचा निरोप. सुरेख चालले. पाणी तुंगारेश्वरवरून उतरले, रुळांच्या भरावाला अडले, सखल भागात पसरले. मग मला मोह झाला आणि चौकोन दहा मीटरचे केले. (उंचीचा नकाशा तीस मीटरचा होता. तो ताणून दहाचा केल्याने ज्ञान वाढत नाही, फक्त चौकोन वाढतात. पण तो वेगळा मूर्खपणा.) रात्री चालू करून झोपले. सकाळी पाहिले तर सोळाही गाभे शंभर टक्के कामात दिसत होते आणि प्रोग्रॅम पहिल्या पावलावरच होता. चूक दाखवणारा एक शब्दही पडद्यावर नाही. मी चहा करून आले, पुन्हा पाहिले. तेच.

विद्यार्थ्याला फोन केला. तो संकोचून म्हणाला, “मॅडम, आधीच्या लहान नकाशावर सेंडच्या जागी एस-सेंड घालून बघता का?” मी बघितले. जो लहान प्रोग्रॅम महिनाभर सुरेख चालत होता, तोही जागच्या जागी थांबला.

एवढ्यावरून सगळे उलगडते. दहा मीटरच्या चौकोनांमुळे काठावर पाचशे चौकोन झाले आणि निरोप १२,००० बाइटचा झाला. त्या यंत्रावरची लहान-मोठ्याची रेघ होती ४,०९६ बाइटवर. रेघ ओलांडताच साधे सेंड हातोहातच्या रीतीवर गेले. सोळाही प्रक्रिया पहिल्या ओळीवर हात पुढे करून उभ्या राहिल्या. घ्यायची ओळ दुसरी, आणि पहिली संपल्याशिवाय दुसरीकडे कोणी जाऊ शकत नाही. प्रत्येकीला शेजारणीने आधी घ्यावे असे वाटते आणि घेणारी कोणीच नाही. अरुंद गल्लीत दोन टेंपो समोरासमोर येतात आणि दोघांच्याही मागे गाड्या लागतात, ती ही कोंडी. शंभर टक्के काम जे दिसत होते ते वाट बघण्याचे काम होते. एमपीआयची प्रक्रिया वाट बघताना झोपत नाही, ‘आला का, आला का’ असे विचारत राहते.

लक्षात घ्यायचे ते हे, की मोठ्या निरोपाने दोष निर्माण केला नाही. दोष पहिल्या दिवसापासून होता. मी न मागता मिळालेल्या, माझ्या नजरेआड असलेल्या एका साठवणीने तो झाकून ठेवला होता. एमपीआयच्या प्रमाणात अशा प्रोग्रॅमला ‘असुरक्षित’ म्हटलेले आहे. मी तो शब्द वर्गात वाचूनही दाखवला होता, आणि त्याच तासाला फळ्यावर त्या दोन ओळी लिहिल्या होत्या.

दुरुस्ती म्हणून मी बी-सेंड घेतले. तिची अट अशी, की फडताळ तुम्ही स्वतः आणून द्यायचे. अमुक इतक्या बाइटची जागा बफर म्हणून जोडा, असे प्रोग्रॅमच्या सुरुवातीला सांगावे लागते. प्रत्येक निरोपामागे नोंदी ठेवायला थोडी जादा जागा लागते, तीही धरायची. तेव्हा एका प्रक्रियेला एका वेळी एकच बफर जोडता येत असे. आणि त्यात निरोप मावला नाही, तर बी-सेंड थांबून राहत नाही, ती चूक जाहीर करते, आणि प्रोग्रॅम सहसा तिथेच कोसळतो. मी हिशेब केला. चार शेजारणी, प्रत्येकीला १२,०००, एकूण ४८,०००. वरच्या नोंदी धरून ५०,००० बाइट पुरेत. जोडले. कोंडी सुटली, पाणी वाहू लागले, मी खूश झाले.

पुरातल्या दुसऱ्या तासावर प्रोग्रॅम कोसळला. बफर भरला, असा निरोप आला. कोणाचा? तुंगारेश्वरच्या तुकड्याचा.

हे कोडे सोडवायला मला कागद-पेन्सिल आणि जवळजवळ एक दिवस लागला. डोंगराच्या तुकड्यात पाणी साचत नाही, आणि कोरडे चौकोन माझा प्रोग्रॅम ओलांडून पुढे जातो, त्यामुळे तिथला हिशेब झटपट होतो. खालच्या तुकड्यात सगळीकडे पाणी, म्हणून तिथला हिशेब सावकाश. समजा दोघी दहाव्या पावलावर आहेत. खालचीने आपला निरोप फडताळात टाकला आहे, पण वरचीचा अजून घेतलेला नाही. वरची तिचा निरोप घेते, हिशेब उरकते आणि अकराव्या पावलाचा निरोप पाठवायला येते. तिच्या फडताळात दहावा निरोप अजून पडून आहे, कारण खालचीला तो उचलायला उसंत मिळालेली नाही. आता एका शेजारणीसाठी दोन निरोप. माझी जागा एकाचीच होती.

तीन होतील का? नाही, आणि हे पटवून घेताना मला खरा आनंद झाला. बाराव्या पावलावर जायला वरचीला खालचीचा अकरावा निरोप लागतो. खालची तो पाठवणार दहावे पाऊल संपवून, आणि ते संपवायला तिने वरचीचा दहावा निरोप उचललेला असलाच पाहिजे. म्हणून एका शेजारणीमागे दोनच, कधीही जास्त नाही. चार शेजारणी, आठ निरोप, ९६,००० बाइट आणि वरच्या नोंदी. मी १,००,००० केले. त्यानंतर तो प्रोग्रॅम कधीही कोसळला नाही, आणि तो का कोसळणार नाही हे मी सांगू शकते. आधी तो चालत होता तेव्हा तो का चालतो हे मला सांगता आले नसते.

जाणकार लोक बी-सेंडला नाके मुरडतात. त्यांची कारणे खोटी नाहीत. प्रत्येक निरोपाची एक जादा प्रत होते, तिला वेळ आणि जागा लागते. त्यापेक्षा घेणारीने आधीच रिकामे भांडे मांडून ठेवावे, मग सगळ्यांनी न थांबता पाठवायला सुरुवात करावी, आणि शेवटी सगळे पोचल्याची एकदाच वाट बघावी, असे ते सुचवतात. त्या रीतीत प्रत होत नाही. मात्र निरोप पोचेपर्यंत पाठवणारीने आपल्या त्या आकड्यांना हात लावायचा नाही, हे पथ्य आहे. लाखो गाभ्यांच्या यंत्रावर तीच रीत योग्य. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८च्या जानेवारीत ‘प्रत्युष’ हा महासंगणक राष्ट्राला अर्पण झाला, आणि सुमारे बारा किलोमीटरच्या चौकोनांवर देशाच्या पावसाचे अंदाज काढू लागला. त्याचे गणित माझ्यापेक्षा फार निराळ्या मांडणीचे, पण हजारो प्रक्रियांनी एकमेकींना निरोप पाठवणे तिथेही सुटत नाही, आणि तिथे प्रत्येक फालतू प्रतीचा हिशेब लागतो. मी सोळा गाभ्यांवर होते. पावलाला ४८,००० बाइट उचलून ठेवणे म्हणजे अडीच लाख चौकोनांच्या गणितापुढे काहीच नाही.

बी-सेंडबद्दल माझे मत चांगले होण्याचे कारण वेगळे आहे. साधे सेंड साठवण देते, पण ती किती आहे हे सांगत नाही. बी-सेंड आकडा तुमच्या हातून लिहून घेते, आणि तो चुकला तर तोंडावर सांगते. २०२३च्या एमपीआय ४.१मध्ये ही जागा आपोआप मिळवून देण्याची सोय आली आहे. सोय चांगली आहे. शिकणाऱ्याने ती जरा उशिराच वापरावी, असे मात्र मी म्हणेन.

हा हिशेब झाल्यावर जिन्यातल्या प्रश्नाकडे परत गेले. कोकणपट्टीत खाऱ्या जमिनींना बांध घालतात आणि त्यात उघाडी ठेवतात. भरतीला तिची झडप मिटते, ओहोटीला उघडते. मधल्या सहा तासांचे पाणी बांधाच्या आतल्या सखल जमिनीत थांबते. वसईत हे काम खाजणांनी आणि मिठागरांनी केले. ती जमीन मिठासाठी होती, भातासाठी होती, कोणाच्या दृष्टीने पडीक होती. पाण्याची साठवण म्हणून तिचा आकडा फारसा कोणी मांडला नाही. साध्या सेंडची साठवण ती हीच, न मागता मिळालेली. भराव पडत गेले, इमारती आल्या, आणि लहान पावसात काही बिघडले नाही म्हणून सगळे सुरेख चालले आहे असे वाटत राहिले. २०१८च्या पुरात त्याच मिठागरांतल्या वस्तीला पाण्याने वेढले. नंतर पुराची कारणे शोधण्यासाठी नीरी आणि आयआयटी मुंबई यांची समिती नेमली गेली, आणि तिने धारण तलावांची शिफारस केली. धारण तलाव म्हणजे भरती उतरेपर्यंत पाणी धरून ठेवायची जागा, पण मोजून, आकडा लिहून.

तो आकडा माझा प्रोग्रॅम सांगू शकत नाही. माझा नकाशा ताणलेला, माझा पाऊस सगळीकडे सारखा. एवढे दिसले, की खालचे काही चौकोन मी साठवणीतून काढले आणि भरतीची वेळ पावसाच्या जोरावर आणून ठेवली, तर पाणी रुळांपाशी लवकर चढते आणि उशिरा उतरते. हे सांगायला संगणक कशाला, असे आमच्या शेजारच्या आजी म्हणाल्या. त्यांच्या लहानपणी पाणी कुठवर येई आणि कुठे थांबे, ते त्यांनी मला बोटाने दाखवले. तिथे आता सात मजले आहेत.

निवृत्तीनंतरही एका महाविद्यालयात मला दरवर्षी दोन तास बोलावतात. फळ्यावर मी अजून त्या दोन ओळी लिहिते, आणि मुलांना चार बाइटवर, मग चार हजार बाइटवर, मग चार लाख बाइटवर त्या चालवायला लावते. शेवटच्या वेळी प्रयोगशाळेत शांतता पसरते. मी थोडा वेळ काही बोलत नाही.

पुराचा प्रोग्रॅम अधूनमधून चालवते. त्याच्या अखेरीस एक ओळ आहे, जोडलेला बफर सोडवण्याची. फडताळातला शेवटचा निरोप उचलला जाईपर्यंत ती ओळ संपत नाही. त्यामुळे तुंगारेश्वरची प्रक्रिया आपले सगळे काम कधीच उरकून त्या ओळीवर येऊन उभी राहते, नालासोपाऱ्याने शेवटचा निरोप उचलेपर्यंत.